किंमत आणि महिना: स्वस्त ईव्हीच्या घोषणांविषयी तीन पत्रे

दसरा-दिवाळीची खरेदी जवळ आली की या सदराकडे गाड्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी सोलापुरातून आलेल्या तीन पत्रांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे: आणखी स्वस्त ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी गाडी, येणार असल्याचे कंपनीने केव्हा जाहीर करावे? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत आणि त्यांच्या तक्रारीतील कंपन्यांची नावेही गाळली आहेत.

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहतो आणि नोकरीसाठी रोज चिंचोळी एमआयडीसीत जातो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. दीड वर्षापूर्वी जुनी पेट्रोलची गाडी विकून आणि कर्ज काढून मी एक ईव्ही घेतली. घेण्यापूर्वी शोरूममध्ये स्पष्ट विचारले होते की, याच कंपनीची आणखी स्वस्त गाडी येणार आहे का. त्यावर "तसे काही नाही" असे उत्तर मिळाले. चारच महिन्यांनी त्या कंपनीने तेवढीच जागा आणि एका चार्जमध्ये थोडा अधिक पल्ला असलेली गाडी सव्वा लाख रुपयांनी कमी किमतीत आणली. कंपनीने हे आधी सांगायला नको होते का? ही फसवणूक म्हणायची का?

उत्तर: आपली तक्रार रास्त आहे, आणि ती मनाच्या रुखरुखीपुरती नाही हे साध्या हिशोबाने दाखवता येते. आपली गाडी महिन्याला सुमारे हजार किलोमीटर धावते. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला, पेट्रोल शंभरावर गेलेले असताना, किलोमीटरमागे सात रुपयांच्या आसपास खर्च येतो. एका युनिटवर सात किलोमीटर जाणारी ईव्ही घरच्या मीटरवर तेच अंतर दीड ते दोन रुपयांत कापते. फरक पाच रुपयांचा धरला, तर आपली बचत महिन्याला पाच हजारांची झाली. आता भागाकार करून पाहा. सव्वा लाख भागिले पाच हजार, म्हणजे पंचवीस महिने. स्वस्त गाडी पंचवीस महिन्यांच्या आत येणार असती आणि तोवर आपण जुनीच गाडी चालवली असती, तर निव्वळ पैशाच्या दृष्टीने थांबणे फायद्याचे होते. ती तर चौथ्या महिन्यातच आली. थांबण्याची किंमत वीस हजार होती आणि न थांबण्याची सव्वा लाख. मधले एक लाख पाच हजार रुपये आपल्या खिशातून गेले, ते एक माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे. आपण गाडी विकायला काढाल तेव्हा नव्या गाडीच्या उतरलेल्या किमतीचा फटका पुन्हा बसेल, तो यात धरलेला नाही.

कंपन्या अशी माहिती का दडवतात, हेही समजून घेतले पाहिजे. १९८१ मध्ये ॲडम ऑस्बर्न यांच्या अमेरिकी कंपनीने सुटकेससारखा उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला बाजारात आणला आणि तो झपाट्याने खपू लागला. १९८३ मध्ये याहून सरस यंत्र येत असल्याची बातमी कंपनीकडूनच बाहेर पडली. विक्रेत्यांनी जुन्या यंत्राची मागणी थांबवली, नवे यंत्र अजून विक्रीला आलेले नव्हते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्या बुडण्यामागे प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रे आणि इतर कारणेही होती, असे पुढे अनेकांनी दाखवून दिले आहे. तरीही पुढच्या मालाची लवकर वाच्यता करून हातातला माल अडकवून घेण्याला "ऑस्बर्न परिणाम" हे नाव पडले ते कायमचे. वाहन कंपन्यांचे विक्री अधिकारी या नावाला आजही भितात.

ही भीती निराधार नाही, हे आपण २०२५ मध्ये जवळून पाहिले. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीतील सुधारणा जाहीर झाल्या, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि छोट्या पेट्रोल गाड्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर येण्यासाठी २२ सप्टेंबर, म्हणजे घटस्थापना उजाडावी लागली. मधल्या काळात, २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थी येऊन गेली. एरवी या मुहूर्तावर गाडी घरी आणायची म्हणून लोक आधीपासून तयारीत असतात. त्या आठवड्यात एका परिचितांबरोबर मी होटगी रस्त्यावरील एका शोरूममध्ये गेलो होतो. मागच्या आवारात गाड्या दाटीने उभ्या होत्या, काचांवर पावसाच्या थेंबांचे मातकट डाग वाळलेले होते आणि आतल्या आसनांवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. व्यवस्थापकांनी समोर वही धरली आणि प्रत्येक गाडीवर बँकेचे रोजचे व्याज किती चढते, त्या आकड्यावर बोट ठेवले. देशभरात ऑगस्टमध्ये कंपन्यांनी विक्रेत्यांकडे पाठवलेल्या गाड्या आदल्या वर्षीपेक्षा कमी भरल्या, आणि कर उतरल्यावर ऑक्टोबरमध्ये विक्रीने उच्चांक गाठला. ग्राहक पळाला नव्हता. तो थांबला होता. त्याच्या थांबण्याचा भार मात्र कंपनीपेक्षा विक्रेत्यावर अधिक पडला.

परंतु या भीतीपोटी शेवटच्या दिवसापर्यंत गप्प बसण्याचा जो सरधोपट मार्ग कंपन्या धरतात, तो मला मान्य नाही. घोषणेमुळे चालू गाडीची विक्री हमखास बसते असे नाही. नवी गाडी त्याच ग्राहकाच्या त्याच गरजेची असेल तरच ती बसते. टेस्लाने ३१ मार्च २०१६ रोजी ३५,००० डॉलरपासून सुरू होणारी मॉडेल ३ दाखवली आणि पहिल्याच आठवड्यात हजार-हजार डॉलर भरून सुमारे सव्वातीन लाख लोकांनी नाव नोंदवले. त्या वेळी कंपनी विकत होती त्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्सची किंमत जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून जास्त होती. त्यांची विक्री कोसळली का? २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ५०,००० गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या होत्या. २०१६ मध्ये तो आकडा ७६,००० वर गेला, आणि तेव्हा मॉडेल ३ ची एकही गाडी रस्त्यावर आलेली नव्हती. मोठी, महागडी गाडी घेणारा आणि लहान गाडीची वाट पाहणारा हे दोन वेगळे ग्राहक होते. आपल्या बाबतीत तसे नव्हते. तीच जागा, तोच वर्ग आणि तेच गिऱ्हाईक असल्यामुळे कंपनी गप्प राहिली, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिने बोलायला हवे होते.

आपल्याकडे ईव्हीची खरी स्पर्धा दुसऱ्या ईव्हीपेक्षा पेट्रोलच्या गाडीशी आहे, ही गोष्टही कंपन्या विसरतात. जो ग्राहक ईव्ही महाग म्हणून या दिवाळीत पेट्रोलची गाडी घेईल, तो पुढची आठ-दहा वर्षे हातचा गेला. चार महिन्यांनी दोन लाखांनी स्वस्त ईव्ही येणार आहे हे त्याला ठामपणे सांगितले, तर तो थांबेल, आणि त्याचे थांबणे कंपनीला नफ्याचेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ नंतर छोट्या पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या, ईव्हीवरचा जीएसटी मात्र २०१९ पासून आहे तो पाच टक्केच राहिला. त्यामुळे दोन्हींच्या किमतींमधले अंतर पूर्वीपेक्षा वाढले आणि वेळेवर सांगण्याची ही गरजही वाढली.

म्हणून घोषणा केव्हा करावी या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: किंमत आणि डिलिव्हरीचा महिना या दोन गोष्टी छातीठोकपणे सांगता येतील त्या दिवशी, आणि त्यानंतर एक दिवसही न लांबवता. वर आपण जो भागाकार केला त्याला हेच दोन आकडे लागतात. ते ग्राहकाच्या हाती दिले की थांबायचे की घ्यायचे हे तो स्वतः ठरवतो. टाटा मोटर्सने टियागो ईव्हीच्या वेळी हे बरेच नीट केले होते. २८ सप्टेंबर २०२२ रोजी ८ लाख ४९ हजार रुपयांपासूनची किंमत सांगितली, ही किंमत पहिल्या दहा हजार ग्राहकांसाठी आहे हे सांगितले, १० ऑक्टोबरला बुकिंग सुरू केले आणि २०२३ च्या सुरुवातीला गाड्या देण्यास प्रारंभ केला. पहिल्याच दिवशी दहा हजार बुकिंग झाले. घोषणेपासून किल्ली हाती पडेपर्यंत तीन-चार महिने हे अंतर मला योग्य वाटते, कारण तेवढे सामान्य कुटुंब थांबू शकते आणि तेवढ्यात विक्रेता जुना साठा काही सवलत देऊन मोकळा करू शकतो.

त्या तीन-चार महिन्यांच्या आधी नुकतीच गाडी घेतलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि आपण त्याच कचाट्यात सापडलात. जनरल मोटर्सने २०२२ मध्ये अमेरिकेत बोल्ट या ईव्हीची किंमत सुमारे सहा हजार डॉलरनी उतरवली, तेव्हा २०२२ चे मॉडेल आधीच घेतलेल्यांना त्या फरकाची भरपाई देऊ केली. त्याला बॅटरीबाबत पुढे दावा न करण्याची अट जोडली होती आणि ती अट मला पटत नाही. तरीही नुकत्याच आलेल्या ग्राहकाला फरक परत करता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. आपल्याकडेही निदान आधीच्या नव्वद दिवसांतल्या ग्राहकांना रोख नाही तरी वाढीव वॉरंटी किंवा मोफत सर्व्हिसिंगच्या रूपात काही द्यायला कंपन्यांना अवघड जाऊ नये.

फसवणुकीविषयी सांगायचे तर, पुढच्या मॉडेलबद्दल नुसते मौन पाळणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणणे कठीण आहे, असे मला वाटते. आपण मात्र विचारले होते आणि आपल्याला नकारार्थी उत्तर मिळाले होते. ते उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये असेल, तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाचा विचार वकिलाच्या सल्ल्याने करा. उत्तर केवळ तोंडी असेल, तर पुढे सरकणे अवघड आहे.

प्रश्न: अक्कलकोट रस्त्यावर माझा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. गेली तीन वर्षे मी ईव्ही घ्यायची म्हणून थांबलो आहे, कारण दर सहा महिन्यांनी कोणीतरी आणखी स्वस्त गाडी जाहीर करते आणि नंतर ती पुढे ढकलते. आमच्या धंद्यात नवा नमुना मागावरून उतरल्याशिवाय चाटी गल्लीतील व्यापाऱ्याला दाखवत नाहीत, कारण दाखवला की तो जुना माल उचलत नाही. या कंपन्यांना इतक्या आधी बोलण्यास बंदी का असू नये? माझी जुनी गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर चालते. पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट एवढाच माझा फेरा आहे.

उत्तर: मागाचा दाखला आपण नेमका दिलात. पहिल्या पत्रलेखकांना मौनाचा त्रास झाला, आपल्याला बडबडीचा. आणि आपले नुकसान त्यांच्याहून मोठे आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटर आणि किलोमीटरमागे पाच रुपये, म्हणजे साडेसात हजार. छत्तीस महिन्यांचे दोन लाख सत्तर हजार रुपये होतात. ज्या स्वस्ताईसाठी आपण थांबलात, ती एवढी मोठी असण्याची शक्यता फार कमी आहे.

लवकर केलेल्या घोषणा कशा विरतात याची उदाहरणे कमी नाहीत. ज्या मॉडेल ३ चा वर उल्लेख केला, तिची ३५,००० डॉलरची आवृत्ती मागवता येऊ लागली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. भारतातूनही काहींनी २०१६ मध्ये त्या गाडीसाठी हजार डॉलर भरले होते; टेस्लाचे पहिले शोरूम मुंबईत उघडले ते जुलै २०२५ मध्ये, आणि तेथे विक्रीला होती ती साठ लाखांच्या घरातली मॉडेल वाय. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच कंपनीने साधारण तीन वर्षांत २५,००० डॉलरची गाडी आणण्याचा मनोदय सांगितला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आली ती मॉडेल ३ चीच साधी आवृत्ती, ३६,९९० डॉलरची. ओला इलेक्ट्रिकने १५ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर केलेली विजेची मोटार २०२४ मध्ये यायची होती. त्या वर्षी तो बेतच बाजूला ठेवला गेला. यापैकी एकाही घोषणेच्या वेळी घोषित किमतीची गाडी तयार करणारी यंत्रणा उभी नव्हती. आपल्या भाषेत, नमुना मागावर चढलाही नव्हता.

तरी बंदीच्या मागणीला मी पाठिंबा देणार नाही. ज्या नव्या कंपनीकडे विकायला दुसरी गाडीच नाही, तिला जुना माल अडकण्याचा धोका नसतो, आणि भांडवल व सुटे भाग पुरवणारे मिळवण्यासाठी तिला आधी बोलावेच लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला गुंतवणूकदारांपुढे पुढच्या काही वर्षांचे बेत मांडणे भाग असते. ते बोलणे गुंतवणूकदारांशी आहे हे स्पष्ट राहावे, त्याचे रूपांतर नट-नट्यांच्या जाहिरातीत आणि बुकिंगच्या रकमेत होऊ नये, एवढी अपेक्षा मात्र ठेवता येते. किंमत आणि महिना न सांगता ग्राहकाकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये, असा नियम झाला तर त्याला माझा पाठिंबा आहे.

स्वस्त गाडी येतच राहणार, हे मात्र धरून चाला. ईव्हीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो, आणि २०१० मध्ये जिचा जागतिक सरासरी दर किलोवॉट-तासाला (म्हणजे एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेला) हजार डॉलरहून अधिक होता, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरपर्यंत उतरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीची किंमत एक लाख वीस हजारांपर्यंत कमी केली, तीही बॅटरीतील सेल स्वस्त झाल्याचे कारण देऊन. चादरीच्या सुताचा दर वर-खाली होतो. बॅटरीचा दर गेली पंधरा वर्षे बहुतांशी एकाच दिशेने, खाली, चालला आहे. त्यामुळे आणखी थांबावे का, हा प्रश्न आज विचारला तसा दोन वर्षांनीही विचारता येईल.

आपल्या फेऱ्याकडे पाहता आपण आजच्या गाड्यांतून निवड करावी, असे मी स्पष्ट सुचवीन. पंढरपूर सत्तर किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर पंचेचाळीस, अक्कलकोट चाळीस. टियागो ईव्हीच्या २४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीला कंपनीने ३१५ किलोमीटरचा पल्ला सांगितला होता. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात, एसी चालू ठेवून, तो दोनशेच्या आसपास धरला तरी पंढरपूरची जा-ये चार्जिंग न करता होते. रात्री कारखान्यात किंवा घरी लावली की सकाळी गाडी भरलेली. वारंवार पुण्याला जावे लागत असते, तर अडीचशे किलोमीटरच्या एका खेपेसाठी मोठ्या बॅटरीची गाडी पाहायला सांगितले असते. आपण तसे लिहिलेले नाही.

प्रश्न: मी एका ईव्ही शोरूममध्ये विक्रीचे काम करते. दिवसातून दहा जण विचारतात, "मॅडम, नवीन स्वस्तातली कधी येणार?" कंपनी आम्हाला काहीच कळवत नाही. खरे सांगितले तर टार्गेट जाते, आणि खोटे बोलवत नाही. मी काय उत्तर द्यावे?

उत्तर: आपली अडचण तिघांत सर्वांत कठीण आहे, कारण निर्णय दुसरीकडे होतात आणि ग्राहकाच्या डोळ्यांत डोळे घालून उभे आपल्याला राहावे लागते.

खरे तर गुपित असे काही उरतच नाही. नव्या गाडीला विक्रीपूर्वी पुण्यातील एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते आणि त्याआधी महिनोन्‌महिने ती रस्त्यावर चालवून पाहिली जाते. एकदा इंदापूरच्या अलीकडे चहाला थांबलो असता, काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीच्या वेष्टनात गुंडाळलेली एक गाडी मला चार्जरला लावलेली दिसली. चालक बोलायला तयार नव्हता, पण हॉटेलातील पोरांनी चारी बाजूंनी फोटो काढले होते, आणि मी सोलापूर गाठेपर्यंत त्यांतला एक माझ्याच मोबाइलवर येऊन पोहोचला होता. जी गोष्ट हॉटेलातल्या पोराला ठाऊक आहे, ती शोरूममधल्या माणसापासून लपवण्यात कंपनीचे काहीच साधत नाही. घोषणेच्या निदान साठ दिवस आधी विक्रेत्यांना लेखी कळवावे आणि त्या दिवसापासून जुन्या मॉडेलच्या नव्या गाड्या त्यांच्या माथी मारणे थांबवावे, ही मागणी आपल्या मालकांनी डीलरांच्या संघटनेमार्फत लावून धरली पाहिजे.

तोवर आपण "तसे काही नाही" हे वाक्य वापरू नका. त्याऐवजी "कंपनीने मला अजून काही कळवलेले नाही" असे म्हणा. ते खरे आहे, आणि त्याने आपला शब्द राहतो. मग ग्राहकाला दोन गोष्टी विचारा: महिन्याला किती किलोमीटर चालवता, आणि सध्याची गाडी किती दिवस काढेल. वरचा भागाकार त्याच्यासमोर कागदावर करा. ज्याचे रनिंग महिन्याला तीनशे किलोमीटर आहे, त्याची बचत दीड हजारच होते. त्याला थांबायचे असेल तर थांबू द्या आणि त्याचा नंबर लिहून ठेवा. ज्याचे रनिंग दीड हजार किलोमीटर आहे, त्याला थांबणे महाग पडते, हे आकडाच सांगेल आणि आपल्याला गळ घालावी लागणार नाही.

याबरोबर गाडीच्या निर्मितीचा महिना ग्राहकाने विचारण्यापूर्वीच त्याला दाखवा. आवारात सहा-आठ महिने उभ्या राहिलेल्या गाडीवर सवलत मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि ती सवलत मिळवून देणे आपल्या व्यवस्थापकांच्या हातात असते.